हाराल्ड : एका नावाची फोड

संयुगाचे पृथक्करण करून त्यातील मूलद्रव्ये ओळखता येतात, हे तुम्ही रसायनशास्त्रात शिकला आहात. नावाचेही असे पृथक्करण करता येईल का? डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन या देशांत शतकानुशतके चालत आलेले ‘हाराल्ड’ हे नाव घेऊन पाहू या.

हे नाव सामासिक आहे. प्राचीन जर्मानिक भाषेत ‘हार्या’ म्हणजे सैन्य आणि ‘वाल्द’ म्हणजे सत्ता चालविणे. तेव्हा हाराल्ड म्हणजे सैन्यावर सत्ता चालविणारा, जवळजवळ आपला ‘सेनापती’च! हेच दोन घटक उलट क्रमाने जोडले की ‘वॉल्टर’ हे नाव मिळते. आपल्याकडील इंद्रजित आणि जितेंद्र या नावांची जोडी आठवा.

पण ही फोड बरोबर कशावरून? दोन शब्द कानाला सारखे लागले एवढ्याने काही सिद्ध होत नाही. त्यासाठी जुने लेख तपासावे लागतात. इ. स. 16 मधील एका लढाईचे वर्णन करताना रोमन इतिहासकार टॅसिटस याने ऱ्हाइनच्या मुखाकडील बटावी टोळीच्या ‘खारिओवाल्दा’ या नायकाचा उल्लेख केला आहे. येथे दोन्ही घटक स्पष्ट दिसतात. पुढे उच्चार झिजला, मधला ‘व’ गळाला आणि हाराल्ड उरले.

दुसरा पुरावा दगडावरचा आहे. डेन्मार्कचा राजा हाराल्ड याने इ. स. 965 च्या सुमारास येलिंग येथे आईवडिलांच्या स्मरणार्थ एक शिळा कोरविली. तिच्यावरील रून लिपीत अवघी 16 चिन्हे होती. ‘ड’साठी वेगळे चिन्ह नसल्याने ‘ट’चेच चिन्ह वापरीत, म्हणून शिळेवर ‘हाराल्ट्र’ असे नाव आहे. शेवटचा ‘र’ हा प्रथमा विभक्तीचा प्रत्यय. गंमत अशी की, संस्कृतातील ‘रामः’मधला विसर्ग आणि हा ‘र’ एकाच मूळ ‘स्’पासून निघाले आहेत!

याच राजाचे ‘निळा दात’ हे टोपणनाव बाराव्या शतकातील बखरीत आढळते. त्याने डेन लोकांना एका राज्याखाली आणले, तसे आपण निरनिराळी यंत्रे बिनतारी जोडू, या कल्पनेने अभियंत्यांनी 1998 साली जाहीर केलेल्या तंत्राला तेच नाव इंग्रजीत दिले : ब्लूटूथ. त्याच्या रेडिओलहरींची लांबी सुमारे 12.5 सेंटिमीटर असते. त्याचे बोधचिन्ह म्हणजे राजाच्या नावाची आणि टोपणनावाची रून लिपीतील आद्याक्षरे, एकमेकांत गुंफलेली.

आता तुमच्या वर्गाचा हजेरीपट घ्या. सामासिक नावे वेगळी काढा, त्यांचा विग्रह करा आणि कोणता घटक किती वेळा येतो ते मोजा. मात्र अर्थ लिहिण्यापूर्वी शब्दकोश उघडा. अंदाज कितीही सुंदर असला, तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही.