दवाखान्याच्या दारांतील समाधान

सरकारी दवाखान्यांतून बाहेर पडणाऱ्या रोग्यास "तुमचें समाधान झालें काय?" असें पुसल्यास बहुधा होकारच मिळतो. खेड्यांतील मनुष्य भिडस्त. शिवाय ज्यांच्याकडे उद्यां पुन्हां यावयाचें, त्यांच्याविषयीं वावगें कसें बोलावें? आणि जो कुलूप पाहून माघारीं फिरला, किंवा खाजगी डॉक्टरांचें बिल भागविण्यास ज्यानें शेळी विकली, त्यास तर कोणी विचारीतच नाहीं. अशा होकारांच्या बेरजेवर आमचा फारसा विश्वास नाहीं.

पैसे नाहींत म्हणून कोणीही उपचारांवांचून राहूं नये, हें तत्त्व भोर समितीनें १९४६ सालीं मांडलें. आज सपाटीवर ३०,००० व डोंगराळ भागांत २०,००० वस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा दंडक आहे. ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचारांचें शुल्कही उठलें. परंतु बुडालेली मजुरी व एस. टी. चें भाडें कोणत्याच पावतीवर लिहिलेलें नसतें!

कुणब्याची खरी कसोटी सर्पदंशाच्या रात्रीं लागते. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चारही जातींवर एकच प्रतिविष चालतें. तें कपाटांत आहे, पण टोचावयास डॉक्टर नाहीं, असें झाल्यास तालुक्याची वाट धरावी लागते, आणि मण्यारीच्या विषानें श्वास कोंडूं लागला म्हणजे तेवढा अवकाश रहात नाहीं. याउलट महाड तालुक्यांतील बिरवाडीच्या केंद्रांत डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं विंचूदंशाचे रोगी उशाशीं बसून तपासले, व पुढें प्राझोसिन या औषधाचा गुण जगापुढें मांडला. केंद्र लहानच होतें.

जागा रिकाम्या ठेवून उरलेल्या एका परिचारिकेवर लोकांनीं राग काढावा, हाही न्याय नव्हे. म्हणून विचारणा वरपर्यंत पोंचावी लागते. २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आतांचें धाराशिव), पुणें व ठाणें या जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गांवकऱ्यांनींच सेवांची प्रतवारी लावली आणि जनसुनवाईंत अधिकाऱ्यांस समोरासमोर जाब विचारला. तेथें भीड आपोआप सुटते, कारण बोलणारा एकटा नसतो.

सभासद बंधूंनीं मृगापूर्वी आपापल्या केंद्रांत चौघांनीं मिळून जावें. प्रतिविषाच्या कुप्या किती, त्यांची मुदत केव्हां संपते, रात्रीं डॉक्टर कोठें असतात व रुग्णवाहिका कोणाच्या हुकमानें सुटते, एवढें नम्रपणें विचारून उत्तरें ग्रामसभेंत वाचून दाखवावीं.