संगणकाचे कोठार

कामोठ्यात राहणाऱ्या माणसाला साठ्याचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. सिडकोने वसविलेल्या या वस्तीत पाणी नळाने येते खरे, परंतु ते आधी इमारतीच्या तळाच्या टाकीत पडते, तेथून गच्चीवर चढते आणि मग घरोघर उतरते. एखादे दिवशी नळ कोरडा राहिला तरी टाकीच्या जोरावर दिवस निभावतो. संगणकाच्या व्यवहारातही अशी टाकी बांधता येते. तिला पॅकेज रिपॉझिटरी मॅनेजर म्हणतात. आपण सोयीसाठी कोठार म्हणू.

या कोठारात साठवायचे काय? आजचा प्रोग्रॅमर सगळी आज्ञावली स्वतः लिहीत नाही. तारखा मोजणे, चित्र लहान करणे अशा कामांचे तयार तुकडे इतरांनी लिहून ठेवलेले असतात. त्यांची बांधलेली पुडकी म्हणजे पॅकेजे. ती सार्वजनिक भांडारांतून इंटरनेटने आणावी लागतात. दहा माणसांच्या कचेरीत तेच पुडके दहा वेळा येते, आणि वाट अडली की दहाही जण हात बांधून बसतात. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातील केबली तुटल्या, तेव्हा भारतातील इंटरनेट मंदावले होते. कधी वाट शाबूत असते, पण मालच नाहीसा होतो. २२ मार्च २०१६ रोजी लेफ्ट-पॅड नावाचे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज एका वादातून त्याच्या लेखकाने काढून घेतले आणि जगभर असंख्य प्रकल्पांचे काम अडले. ज्यांच्या कोठारात प्रत होती, त्यांचे चालू राहिले.

उभारणी अवघड नाही. सोनाटाइप कंपनीचे नेक्सस हे प्रसिद्ध कोठार घेऊ. विनामूल्य आवृत्तीला मर्यादा आहेत, त्या आधी वाचाव्यात. संग्रह उतरवून घेतल्यावर त्याची बेरीज-खूण जुळते का ते पाहावे आणि ऑप्ट या निर्देशिकेत तो उलगडावा. रूट हा लिनक्सवरील सर्वाधिकारी. त्याच्या नावाने कोठार कधीही चालवू नये. बेताच्या अधिकारांचा वेगळा वापरकर्ता करून निर्देशिकांची मालकी त्याला द्यावी. यंत्र सुरू होताच कोठारही सुरू व्हावे म्हणून सिस्टिमडीला तशी सेवा नेमून द्यावी. काही मिनिटांत ८०८१ क्रमांकाच्या द्वारावर ते बोलू लागते. पहिला संकेतशब्द त्याच्याच एका फायलीत लिहिलेला असतो. प्रथम प्रवेश करताच तो बदलावयाचा. हे द्वार कचेरीच्या जाळ्यापुरतेच उघडे असावे.

येथे बहुतेक जण थांबतात. माझ्या मते खरे काम येथूनच पुढे आहे. कोठारात तीन प्रकारचे कप्पे असतात. पहिला मध्यस्थ: मागितलेले पुडके बाहेरून एकदा आणतो आणि प्रत ठेवून घेतो. दुसरा स्वतःचा: आपल्या कचेरीत बनलेला माल त्यात राहतो. तिसरा केवळ दर्शनी: या दोघांना एकत्र करून प्रोग्रॅमरला एकच खिडकी दाखवितो. ही एक खिडकी फार सोयीची, आणि धोकाही तिच्यातच दडलेला. समजा, ‘वसुली-हिशेब’ हे आपल्या घरचे पॅकेज आहे. कोणी त्रयस्थाने त्याच नावाचे, परंतु वरच्या क्रमांकाच्या आवृत्तीचे पुडके बाहेरच्या भांडारात ठेवले, तर क्रमांक मोठा म्हणून यंत्र बाहेरचाच माल उचलण्याचा संभव असतो. ही कल्पना नव्हे. फेब्रुवारी २०२१ मध्ये ॲलेक्स बिरसान या संशोधकाने नेमक्या याच युक्तीने ॲपल, मायक्रोसॉफ्टसह पस्तीसहून अधिक संस्थांच्या यंत्रांत आपली आज्ञावली चालविल्याचे जाहीर केले. त्याचा हेतू दोष उघड करण्याचा होता. सगळ्यांचा तसा असेल असे नाही. म्हणून घरच्या पॅकेजांना ठरावीक उपसर्ग द्यावा आणि त्या उपसर्गाचे काहीही मध्यस्थाने बाहेर मागू नये, असा नियम कोठारात घालावा. नेक्ससमध्ये तशी सोय आहे.

जागेची काळजी वेगळी. साठा वाढतच जातो. तो स्वतंत्र डिस्कवर ठेवावा आणि जुना माल काढण्याचे नियम लावावेत. राखीव प्रत घेताना पुडकी आणि त्यांची नोंदवही, म्हणजे डेटाबेस, दोन्ही एकाच वेळची घ्यावीत. एक आजची व एक परवाची असेल तर मेळ बसत नाही. ती प्रत एकदा दुसऱ्या रिकाम्या यंत्रावर उतरवून, इंटरनेटची तार काढून, एखादे पुडके मागून पाहावे.