माळावरची लेन्स : आधी हवा, मग लांबी

सोलापूर जिल्ह्यातल्या मुरमाड माळांवर वन्यजीवांचे फोटो काढू पाहणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : फुल फ्रेम कॅमेरा घेतला, आता लेन्स किती लांबीची घ्यावी? चारशे पुरेल की सहाशेच हवी? प्रश्न स्वाभाविक आहे. १९७९ मध्ये माळढोकासाठी घोषित झालेल्या अभयारण्याने नान्नजबरोबरच मोहोळ, माढा, करमाळा या भागांनाही आपल्या कक्षेत घेतले होते. सुरुवातीला सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर असलेले हे क्षेत्र पुढे बाराशे चौरस किलोमीटरच्या घरात आले. माळढोक आता दुर्मीळातला दुर्मीळ झाला आहे. तरी काळवीट, लांडगा, खोकड, धाविक, चंडोल आणि हिवाळ्यात येणारा भोवत्या या माळांवर दिसतात. जंगलासारखा आडोसा इथे नाही, त्यामुळे प्राणी दुरूनच दिसतो आणि तोही आपल्याला दुरूनच पाहतो. साहजिकच लांब लेन्सचा मोह होतो. पण या मातीवर, या उन्हात लेन्सची लांबी हा निवडीचा पहिला निकष ठेवणे चूक आहे, असे प्रकाशाचे गणित सांगते. आधी पाहायची ती मधली हवा आणि अंतर. लांबीचा क्रम त्यानंतर.

फुल फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद आणि २४ मिमी उंच असतो. खांद्यापाशी सुमारे ८० सेंटिमीटर उंच असलेला काळवीट दोनशे मीटरवर उभा असेल, तर ६०० मिमी लेन्समधून सेन्सरवर त्याची प्रतिमा २.४ मिमी उंच पडते. म्हणजे चौकटीच्या उंचीचा दहावा भाग. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात हे जेमतेम चारशे पिक्सेल होतात आणि एकेक पिक्सेल काळविटाच्या अंगावरचा दोन मिलिमीटरचा ठिपका टिपतो. लेन्सची स्वतःची क्षमता याहूनही चांगली असते. एफ/६.३ च्या ६०० मिमी लेन्सचे प्रकाशद्वार साधारण ९५ मिमी रुंद असते आणि प्रकाशाच्या विवर्तनाचा नियम लावला, तर दोनशे मीटरवर दीड मिलिमीटरइतके बारकावे तिने वेगळे दाखवायला हवेत. कागदावर हे सारे उत्तम दिसते. मग एप्रिलमधल्या अकरा वाजताच्या फोटोत काळविटाचा डोळा म्हणजे नुसता काळा डाग का उमटतो?

कारण मधल्या दोनशे मीटर हवेचा हिशेब आपण धरलेलाच नसतो. हवेचा अपवर्तनांक एकापेक्षा फक्त तीन दशसहस्रांशाने जास्त असतो आणि तापमान एक अंशाने वाढले की त्यात साधारण दहा लाखांत एक भाग इतका फरक पडतो. फरक नगण्य वाटतो, पण उघड्या मुरमावरून उठणारे गरम हवेचे गोळे आणि त्यांच्यामध्ये घुसणारी थंड हवा यांच्या हजारो सीमा ओलांडत प्रकाश आपल्यापर्यंत येतो. प्रत्येक सीमेवर तो किंचित वळतो. डोळ्यांना दिसणाऱ्या या थरथरीला आपण झळा म्हणतो. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड फ्रीड यांनी १९६६ मध्ये या गोंधळाला एक माप दिले : खळबळत्या हवेतून पाहताना लेन्सचे प्रकाशद्वार किती रुंदीपर्यंत खरोखर उपयोगी पडते, ती रुंदी. दुर्बिणी आकाशाकडे रोखणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांना हे माप रोजचे आहे, पण जमिनीला समांतर, जमिनीलगत पाहणाऱ्या वन्यजीव छायाचित्रकाराला त्याची गरज त्यांच्याहून कमी नाही. भर उन्हातल्या जमिनीलगतच्या हवेसाठी जी मूल्ये धरतात, त्यांतले मध्यम मूल्य फ्रीड यांच्या सूत्रात घातले, तर दोनशे मीटरसाठी उत्तर येते साधारण १५ मिलिमीटर! म्हणजे ९५ मिमी रुंदीची महागडी काच तपशिलाच्या बाबतीत १५ मिमीच्या काचेइतकेच काम करते. काळविटाच्या अंगावर प्रत्येक बिंदू सात मिलिमीटरचा होऊन पसरतो. खळबळ दहापट वाढली, जे तापलेल्या माळावर अशक्य नाही, तर हा पसारा तीन सेंटिमीटरवर जातो. डोळा पुसला जातो तो इथे.

आता या सूत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. लेन्सची लांबी दुप्पट केली, तर प्रतिमा मोठी होते आणि तिच्याबरोबर पसाराही तितकाच मोठा होतो. तपशिलात काहीच भर पडत नाही. अंतर निम्मे केले, तर प्राण्याच्या अंगावरचा पसारा मात्र एकतृतीयांशावर येतो. दोनशे मीटरवरून ६०० मिमीने आणि शंभर मीटरवरून ३०० मिमीने काढलेल्या दोन फोटोंत काळवीट अगदी सारख्याच आकाराचा दिसेल, पण दुसऱ्या फोटोतला तपशील तिप्पट बारीक असेल. क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्याने 'लांबी दीडपट होते' हा युक्तिवादही इथेच गळून पडतो. लहान सेन्सर चित्राच्या कडा कापतो एवढेच. प्रकाशद्वार तेच राहते आणि हवाही तीच. टेलीकन्व्हर्टर तर वरून प्रकाशही घटवतो : १.४ पटीचा निम्मा प्रकाश खातो, दुप्पटीचा तीन चतुर्थांश.

यावर पहिला आक्षेप येतो तो नव्या कॅमेऱ्यांच्या वेगाचा. सेकंदाला वीस-तीस फोटो काढता येतात, त्यातला एखादा तरी हवा क्षणभर स्थिरावली असताना निघेलच. कल्पना बरोबर आहे आणि तिचेही गणित फ्रीड यांनीच १९७८ मध्ये मांडले. पण त्याचा निष्कर्ष मोठ्या लेन्सच्या बाजूने नाही. प्रकाशद्वार जितके रुंद, तितका हवेचा रुंद पट्टा एकाच क्षणी शांत असावा लागतो आणि तशी शक्यता झपाट्याने घटते. वरच्याच हवेत ७५ मिमी प्रकाशद्वार असलेल्या ३०० मिमी एफ/४ लेन्सला साधारण नऊ फोटोंत एक असा नशिबाचा क्षण मिळतो. ९५ मिमीच्या प्रकाशद्वाराला नव्वदांत एक. आणि १५० मिमी प्रकाशद्वाराच्या, लाखो रुपये किमतीच्या ६०० मिमी एफ/४ लेन्सला सुमारे दहा लाखांत एक! अर्थात अशा फोटोतही सगळी चौकट एकदम स्पष्ट येत नाही, एखादाच भाग येतो. तरी झळांमध्ये मोठी काच उघडी ठेवून नशिबाची वाट पाहण्यात हशील नाही, इतके यावरून नक्की कळते.

मग ज्यांच्याकडे या मोठ्या लेन्स आहेत ते सगळे चुकले का? नाही. त्यांची किंमत वसूल होते ती वेगळ्या वेळी. रात्रभर गार झालेली जमीन आणि वरची हवा यांचे तापमान सूर्योदयानंतर थोड्या वेळाने सारखे होते. संध्याकाळी सूर्यास्ताच्या आधी पुन्हा एकदा तसेच घडते. त्या दोन अवधींत हवेची खळबळ सर्वांत कमी असते. काळवीट चरत असतात, खोकड बिळाबाहेर असते आणि उजेड मंद असतो. एफ/६.३ च्या मानाने एफ/४ जवळजवळ अडीचपट प्रकाश आत घेते, त्यामुळे शटरचा वेग वाढवता येतो. या वेळी रुंद काच खरोखर रुंद काचेसारखी वागते. म्हणून मोठ्या लेन्सचा हिशेब दिवसाच्या या दोन तुकड्यांवर मांडावा. जो पहाटे माळावर पोचू शकत नाही, त्याने एफ/४ साठी पैसे मोडू नयेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अंतर निम्मे करा म्हणणे सोपे. पण माळावरचा प्राणी जवळ येऊ देत नाही आणि त्याच्या मागे लागणे हा गुन्हा आहे. माळढोक आणि काळवीट दोघेही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. माळढोक जागतिक पातळीवर अतिसंकटग्रस्त गणला जातो आणि देशात त्याची संख्या दीडशेच्या आसपासच उरली आहे. तो दिसलाच तर जवळ जाण्याचा विचारही मनात आणू नये. दूरचा, धूसर फोटो पुरे. इतर प्राण्यांच्या बाबतीत अंतर कमी करण्याचा मार्ग म्हणजे बसून राहणे. बंद जीपला काळवीट फारसे बुजत नाहीत, उतरलेल्या माणसाला बुजतात. वन खात्याच्या नियमांत राहून, वाऱ्याची दिशा पाहून एका जागी थांबले, की अंतर प्राणीच कमी करतो. यासाठी लागणारी लेन्स आटोपशीर असते : १०० ते ४०० मिमीची झूम किंवा ३०० मिमी एफ/४. ती हातात धरता येते आणि गाडीच्या खिडकीत फिरवता येते. प्राणी अचानक जवळ आला, तर झूम मागेही घेता येते. ६०० मिमीची स्थिर लेन्स अशा वेळी नुसते शिंग नि कान टिपते.

हवेच्या याच नियमातून दोन सवयी निघतात. खळबळ लेन्सच्या जवळ असेल तर ती जास्त नुकसान करते, प्राण्याजवळ असेल तर कमी. त्यामुळे एसी लावलेल्या गाडीची काच खाली करून लगेच फोटो काढणे, किंवा तापलेल्या बॉनेटवर लेन्स टेकवणे, हे सर्वांत वाईट. इंजिन बंद करून, काचा आधीच उघडून आतली-बाहेरची हवा सारखी होऊ द्यावी. दुसरे म्हणजे जमिनीवर पालथे पडून प्राण्याच्या नजरेच्या पातळीवरून फोटो घेण्याची आजची आवड. तो कोन देखणा असतो यात शंका नाही, पण त्यात प्रकाश सगळ्यात तापलेल्या थरातून येतो. तो पहाटेसाठी राखावा आणि ऊन चढले की उंचीवर जावे.

फुल फ्रेमसाठी एवढे पैसे मोजल्यावर तिची खरी ताकद वापरायची राहून जाते, हेही लिहायला हवे. २४ मिमी लेन्स तिच्यावर ८४ अंशांचा पट्टा पाहते, ६०० मिमी फक्त चार अंशांचा. लांब लेन्स प्राण्याला त्याच्या भोवतालातून कापून काढते. उजनी धरणाच्या पाण्याबरोबर पसरलेला ऊस, विजेच्या तारा, कुंपणे, कुसळी गवताचे उरलेले तुकडे यांतले काहीच तिच्या चौकटीत येत नाही. माळढोक कमी होण्यामागची मुख्य कारणे याच भोवतालात आहेत : गवताळ माळांचा होत गेलेला ऱ्हास आणि उडताना न दिसणाऱ्या तारा. हातभर अंतरावरच्या गवतापासून क्षितिजापर्यंतचा माळ दाखवणारी २४ किंवा ३५ मिमीची स्वस्त लेन्स इथे अधिक मोलाचे दस्तऐवज तयार करते. जवळच्या गवतापुढे तिला झळांची बाधाही फारशी नाही.

तेव्हा मोहोळ-नान्नजच्या माळासाठी निवाडा असा : आधी एक रुंद लेन्स, मग ३०० ते ४०० मिमीची हलकी लेन्स. सहाशेचा विचार पहाटेचा दिनक्रम पक्का झाल्यावरच करावा. घेण्याआधी पुण्यात अशा लेन्स भाड्याने मिळतात, त्यातली एक आणावी. छापील वर्तमानपत्राचे पान पन्नास, शंभर आणि दोनशे मीटरवर उभे करून सकाळी सातला आणि दुपारी बाराला त्याचे फोटो काढावेत, दोन्ही वेळचे मथळे पडद्यावर शेजारी ठेवून वाचावेत आणि त्यानंतरच पैसे मोजावेत.