एक वही, अनेक हात

पुण्यात स्वारगेटच्या पुढे गुलटेकडीला मार्केट यार्ड आहे. तेथे रात्रभर ट्रक आणि टेम्पो येत राहतात. पुरंदरची सीताफळे येतात, जुन्नर-खेड भागातला कांदा येतो. तुम्ही झोपेत असता, तेव्हा तेथे सौदे सुरू झालेले असतात. हमाल माल उतरवतात, तोलणार वजन करतो आणि आडत्या, म्हणजे शेतकऱ्याच्या वतीने माल विकणारा व्यापारी, तो विकतो. शेवटी शेतकऱ्याच्या हाती हिशोबाचा एक कागद पडतो. त्याला 'पट्टी' म्हणतात. किती गोणी, किती वजन, काय भाव, हमाली किती, हे सारे पट्टीत असते. माल तर विकला गेला. गावी परतताना शेतकऱ्याजवळ पुरावा म्हणून पट्टीच उरते. म्हणून तिच्यामागची नोंद चुकता कामा नये.

गाळ्यावर हिशोब लिहिणाऱ्याला दिवाणजी म्हणतात. दिवाणजी एकच असेल, तर काम संथ चालते, पण गोंधळ होत नाही. समजा, आता दोन दिवाणजी दोन संगणकांवर बसले आहेत आणि दोघांची वही एकच आहे. वहीत कांद्याच्या १०० गोणी शिल्लक आहेत. पहिल्याने '१००' वाचले आणि ३० गोणी विकल्या. त्याच क्षणी दुसऱ्यानेही '१००' वाचले आणि २० विकल्या. पहिल्याने '७०' लिहिले. लगेच दुसऱ्याने त्यावर '८०' लिहिले. आता वही म्हणते ८० आणि गाळ्यात गोणी आहेत ५०! दोघांचीही वजाबाकी बरोबर आहे. तरी ३० गोणींची विक्री वहीतून नाहीशी झाली. ज्याच्या त्या गोणी होत्या, त्या शेतकऱ्याचे पैसे कोठे शोधायचे?

यावर पहिला उपाय म्हणजे कुलूप. एक जण कांद्याची शिल्लक वाचून बदलत असेल, तोपर्यंत दुसऱ्याने थांबायचे. पण सबंध वहीलाच कुलूप लावले, तर बटाटा विकणाराही विनाकारण ताटकळतो. म्हणून चांगल्या संगणक-प्रणालीत फक्त कांद्याच्या ओळीला कुलूप लागते. मी कांदा धरून बटाट्याची वाट पाहतो आणि तुम्ही बटाटा धरून कांद्याची, असाही पेच कधी पडतो. मग प्रणाली एकाला माघार घ्यायला लावते आणि त्याचे काम पुन्हा पहिल्यापासून करवून घेते.

कुलूप लावले, पण वीज गेली तर? विक्री नोंदली, गोणी कमी केल्या, आणि शेतकऱ्याच्या खात्यात रक्कम जमा करण्याआधीच संगणक बंद पडला तर? येथे जुन्या दिवाणजींची रीत कामी येते. त्यांच्याकडे दोन वह्या असत. जसजसे घडेल तसतसे क्रमाने लिहायचे ती रोजकीर्द. मग सवडीने ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायचे ती खतावणी. (रोज, हिशोब, जमा, बाकी, दप्तर हे शब्द तुम्हाला मराठीत नव्याने शिकावे लागणार नाहीत. मात्र 'कारकून' जपून वापरा. उर्दूत तो कोणताही काम करणारा. मराठीत तो कचेरीत लिहिणारा.)

संगणकातल्या रोजकीर्दीला 'लॉग' म्हणतात. तिचा नियम कडक आहे: आधी लॉगमध्ये नोंद, मगच खात्यात बदल. लॉगमधील नोंद डिस्कवर पक्की झाल्याशिवाय 'व्यवहार पूर्ण झाला' असे कोणालाही सांगायचे नाही. व्यवहार सांभाळण्याच्या या शास्त्रातील कामासाठी अमेरिकेचे जिम ग्रे यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

येथे नवी अडचण उभी राहते. कांदावाला, बटाटावाला, फुलवाला, सर्वांची खाती वेगळी, पण लॉग एकच. सर्वांना त्याच्याच शेवटच्या ओळीवर लिहायचे असते. मग रांग लावायची का? लावायची, पण अगदी छोटी. प्रत्येकाने रांगेत फक्त आपली जागा घ्यायची: 'माझी ओळ ५१', 'माझी ५२'. एवढे काम क्षणात होते. जागा ठरली की सर्वांनी आपापल्या ओळीत एकाच वेळी लिहायचे. कोणी कोणाच्या ओळीवर लिहीत नाही, आणि क्रमही मोडत नाही.

हे लिहिणे आधी संगणकाच्या मेमरीत होते. तेथून डिस्कवर उतरवणे त्या मानाने फार हळू चालते. प्रत्येक नोंदीसाठी वेगळी खेप करणे म्हणजे एकेका गोणीसाठी हातगाडी नेण्यासारखे आहे. म्हणून प्रणाली किंचित थांबते, जमलेल्या नोंदी एकदम डिस्कवर उतरवते आणि त्या सर्वांना एकाच वेळी 'पूर्ण' असे कळवते. मला ही युक्ती सर्वांत आवडते. थोडे थांबल्यामुळे एकूण काम लवकर होते!

वीज परत आली की प्रणाली लॉग वाचते. जे व्यवहार पूर्ण झाले होते, पण खात्यावर चढले नव्हते, ते चढवते. जे अर्धवट राहिले, ते उलटवते. या कामाची एक प्रसिद्ध पद्धत 'एरीज' नावाची आहे. मद्रासच्या आयआयटीत शिकलेले सी. मोहन आणि त्यांचे सहकारी यांनी ती १९९२ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यातही दिवाणजींची एक शिस्त दिसते. वहीत चूक झाली, तर चांगला दिवाणजी खाडाखोड करत नाही. तो खाली उलट नोंद लिहितो. एरीजही अर्धवट व्यवहाराची जुनी ओळ पुसत नाही. 'ही ओळ उलटवली' अशी नवी ओळ लॉगमध्ये लिहिते. त्यामुळे दुरुस्ती चालू असताना वीज पुन्हा गेली, तरी काय उलटवून झाले आणि काय राहिले हे तिला कळते, आणि एकच रक्कम दोनदा वजा होत नाही.