गणिताची खाजगी शिकवणी : साहाय्य आणि स्वावलंबन

गणिताच्या खाजगी शिकवणीकडे सामान्यतः गुणवाढीचे साधन म्हणून पाहिले जाते. वर्गात न समजलेले उदाहरण शिक्षकाने पुन्हा सोडवून दाखवावे व विद्यार्थ्याने ते वहीत उतरवून घ्यावे, हे तिचे रूढ स्वरूप होय. तिचे खरे सामर्थ्य मात्र निराळे आहे. एका विद्यार्थ्याचा विचार कोणत्या वाटेने चालतो, हे शिकवणीत निवांतपणे पाहता येते.

एक साधे उदाहरण पाहावे. ५२ मधून २७ वजा करण्यास सांगितले असता काही मुले ३५ असे उत्तर लिहितात. ही चूक बहुधा निष्काळजीपणाची नसते. प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करावा, असा नियम मुलाने मनाशी बांधलेला असतो. अमेरिकेतील जॉन सीली ब्राउन व रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात वजाबाकीतील असे अनेक सदोष, परंतु सुसंगत नियम दाखवून दिले. उत्तरावर केवळ फुली मारल्याने असा नियम नाहीसा होत नाही. “हे कसे काढलेस?” असे विचारल्यानेच तो उघड होतो. त्यानंतर “३५ आणि २७ मिळून किती होतात?” एवढेच विचारले, तरी ६२ ही बेरीज मुलाला विसंगती दाखवून देते. मग एक दशक सोडवून त्याचे दहा एकक करण्याची युक्ती काड्यांच्या जुड्यांवरून त्याला स्वतःच गवसू शकते.

उत्तराचा पडताळा घेण्याची ही सवय जॉर्ज पोल्या यांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात सांगितलेल्या चार पायऱ्यांपैकी शेवटची होय. उदाहरण समजून घेणे, योजना आखणे व ती पार पाडणे या पहिल्या तीन. शिक्षकाचे साहाय्य फार थोडे नसावे आणि फार अधिकही नसावे, असा त्यांचा आग्रह होता. वुड, ब्रूनर व रॉस यांनी १९७६ मध्ये अशा साहाय्याला इमारतीच्या पराचीची उपमा दिली. बांधकाम स्वतःच्या बळावर उभे राहिले, की परांची काढून घ्यावयाची असते.

आत्मविश्वासाचे मूळही येथेच आहे. आल्बर्ट बांडुरा यांच्या १९७७ च्या विवेचनानुसार, स्वतःच्या सामर्थ्यावरील विश्वास स्तुतीपेक्षा प्रत्यक्ष यशाच्या अनुभवातून अधिक दृढ होतो. शिक्षकाने सोडवलेली शंभर उदाहरणे तो अनुभव देऊ शकत नाहीत. स्वतः सोडवलेली चार देऊ शकतात.

शिकवणीच्या परिणामाविषयी मात्र अतिशयोक्ती नसावी. व्यक्तिगत शिकवणीतील सरासरी विद्यार्थी सामान्य वर्गातील सुमारे ९८ टक्के विद्यार्थ्यांच्या पुढे जातो, असा निष्कर्ष बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये मांडला. हा लाभ सुमारे दोन प्रमाण विचलनांचा होता. कर्ट व्हॅनलेन यांनी २०११ मध्ये अनेक प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा तो सुमारे ०·७९ एवढाच आढळला. हाही लाभ लहान नव्हे. परंतु केवळ शिक्षक शेजारी बसल्याने तो पदरी पडेल, असे मानू नये.

म्हणून शिकवणीची कसोटी शिक्षकाने किती उदाहरणे सोडवून दिली, ही नव्हे. शिक्षक समोर नसताना, अपरिचित उदाहरण पुढे आले असता विद्यार्थी लेखणी खाली ठेवतो की पहिली पायरी स्वतः शोधू लागतो, हीच ती कसोटी होय.