धनेशाला हवा जुना बेहडा

कोकणातलं जंगल राखायचं तर नवी रोपं लावण्याआधी जुनी झाडं वाचवायला हवीत. धनेश पक्षी स्वतः ढोली कोरू शकत नाही. त्याला बेहड्यासारख्या जुन्या, जाड बुंध्याच्या झाडातली तयार ढोली लागते. मादी आत बसून विष्ठा आणि चिखलाने तोंड लिंपून घेते. फक्त एक फट ठेवते आणि नर त्या फटीतून तिला फळं भरवतो. हाच पक्षी जंगलभर बिया पेरतो. जायफळाच्या कुळातल्या मोठ्या बिया गिळून दूर नेणारे पक्षी मोजकेच. म्हणजे ढोलीचं एक झाड तुटलं, की पुढच्या कित्येक झाडांची पेरणी थांबते. रोपवाटिकेतल्या रोपाला तशी ढोली पडायला कित्येक दशकं जातात.

आक्षेप रास्त आहे: कोकणातली बरीचशी रानं खासगी मालकीची, मग मालकाने उत्पन्नावर पाणी का सोडावं? पण तोडलेला बेहडा एकदाच पैसे देतो, उभा बेहडा त्रिफळ्यासाठी वर्षानुवर्षं फळं देतो. सह्याद्रीत अशा फळांना ‘फेअरवाइल्ड’ हे रानातला माल शाश्वत पद्धतीने गोळा केल्याचं प्रमाणपत्र मिळवून चांगला भाव दिल्याची उदाहरणं आहेत. त्यासाठीची एक अट: थोडी फळं झाडावर राखायची. हा भाव सगळीकडे मिळत नाही, हे खरं; म्हणूनच औषधी कंपन्यांची मागणी आणि सरकारी खरेदी अशा प्रमाणित फळांकडे वळायला हवी.