'कोलकाता' किती बाइटचं?

रात्रीचे साडेदहा वाजले होते. कोलकात्याहून, बारानगरमधून भाचीचा फोन आला. आवाज रडवेला.

"मावशी, फॉर्म मजकूर घेतच नाहीये गं! हजार अक्षरांची मर्यादा आहे, मी चारशेच लिहिलीत. तरी म्हणतोय, जास्त झालं. आजीबद्दलचं वाक्य खोडू का?"

शिष्यवृत्तीचा अर्ज होता आणि शेवटची तारीख तीच. तिला म्हटलं, थांब, आजीला हात लावू नकोस.

चूक तिची नव्हती. आपण अक्षरं मोजतो आणि संगणक बाइट. इंग्रजी लिपीत 'कोलकाता' लिहिलं तर ७ अक्षरं आणि ७ बाइट. देवनागरीत क, मात्रा, ल, क, काना, त, काना अशी ७च चिन्हं, पण बाइट २१! बंगालीत पहिल्या 'क'ला मात्रा नाही, म्हणून ६ चिन्हं, १८ बाइट.

असं का? युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला क्रमांक असतो. तो साठवण्याची यूटीएफ-८ ही पद्धत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये तयार केली. १२७ पर्यंतच्या क्रमांकाला एक बाइट, २०४७ पर्यंत दोन, त्यापुढे तीन. देवनागरी सुरू होते २३०४ पासून आणि तिला अगदी खेटून, २४३२ पासून, बंगाली. ग्रीक आणि अरबीची मूळ अक्षरं दोन बाइटांत बसतात. आपण थोडक्यात हुकलो म्हणायचं!

खरा आकडा काढायला पायथन ही भाषा पुरते, ती चालवणारी ॲप्स फोनवरही मिळतात. मजकुरावर नुसतं 'लेन' चालवलं तर चिन्हं मोजली जातात. आधी 'एन्कोड' करून मग 'लेन' चालवलं तर बाइट. फाइल असेल तर 'ओएस.पाथ.गेटसाइझ' थेट बाइट सांगतं. पीएचपी या भाषेत मात्र 'स्ट्रलेन' बाइटच मोजतं. ते वापरून कुणी 'अक्षरं' मोजली की मराठी माणसाचा अर्ज अडलाच.

फोटोंचीही अशीच गंमत. २०० केबी म्हणजे कुठे २,००,००० बाइट, तर कुठे २,०४,८००. काठावरचा फोटो एकीकडे चालतो, दुसरीकडे नाही. शिवाय डिस्कवर जागा बहुधा ४,०९६ बाइटांच्या ठोकळ्यांनी दिली जाते. म्हणून 'आकार' आणि 'डिस्कवरील आकार' हे दोन आकडे वेगळे दिसतात. अर्जासाठी पहिलाच बघायचा.

भारतातला पहिला संगणक, एचईसी-२एम, १९५५ मध्ये आला तो बारानगरच्याच भारतीय सांख्यिकी संस्थेत, महालनोबिसांच्या काळात. भाची त्याच रस्त्याने रोज जाते. तिला हे सांगितल्यावर म्हणाली, "मावशी, इतिहास नंतर!"

बरोबरच होतं. तिचा मजकूर पायथनमध्ये टाकला. ३४० देवनागरी चिन्हांचे १,०२० बाइट, अधिक मोकळ्या जागा आणि विरामचिन्हं ६०. एकूण १,०८०, म्हणजे ८० जास्त. मग आम्ही विशेषणांकडे वळलो. 'अत्यंत' दोनदा होतं, त्याचे ३६ गेले. 'मनापासून'चे २४, 'विनम्रपणे'चे २७. चार शब्दांसोबत चार मोकळ्या जागाही गेल्या. आकडा आला ९८९.

अकरा चाळीसला अर्ज गेला, आजीसकट.